खुर्चीचे माप कोणाचे?

पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले होते. त्यांचा नंबर अठरावा. दोन तास बाहेरच्या बाकड्यावर बसून आत आले, ते कमरेवर हात ठेवूनच. म्हणाले, "डॉक्टर, आलो होतो खोकल्यासाठी. पण आता आधी कंबर बघा."

मी हसलो. मात्र रात्री दवाखाना बंद करताना त्या बाकड्यावर जाऊन बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! पाठ टेकायला काही नाही, बैठक जेमतेम वीतभर रुंद, आणि उंची अशी की माझ्यासारख्या बुटक्या माणसाच्या टाचा अधांतरी. दहा मिनिटांत उठलो. दिवसभर लोकांना "पोक काढून बसू नका" असे बजावणाऱ्या डॉक्टरच्या दारातले हे बाकडे! म्हणून या आठवड्यात गोळ्या-औषधे बाजूला ठेवून खुर्चीविषयी लिहितो.

खुर्ची ही मुळात शरीराच्या सुखासाठी जन्मलेली वस्तू नव्हे. ती मानासाठी जन्मली. इजिप्तमध्ये तूतनखामेन राजाच्या थडग्यात सोन्याने मढवलेले सिंहासन सापडले. त्याची सामान्य प्रजा मात्र जमिनीवर नाहीतर साध्या स्टुलावर बसे. युरोपातही कित्येक शतके हातांची खुर्ची घरधन्याची आणि बाकीच्यांना बाके, अशीच रीत होती. आपल्याकडे सिंहासन, गादी आणि निवडणुकीतली 'खुर्ची' हे शब्दच पुरेसे बोलके आहेत. आपल्या साध्या घरांत पाट, चौरंग, घोंगडी, थोडी सुबत्ता असेल तर लोड-तक्के आणि झोपाळा. खुर्ची कचेरीच्या वाटेने बऱ्याच उशिरा ओसरीवर आली आणि तीही पाहुण्याला द्यायची म्हणून. त्यामुळे ती कशी दिसते हे सगळे बघतात. तिच्यात बसणाऱ्याच्या गुडघ्यांचे काय होते, हे कोणी विचारत नाही.

पण आजारी माणसाचा विचार करून घडवलेल्या खुर्चीचे एक उदाहरण आहे आणि ते मला फार आवडते. फिनलंड देशात पाइमिओ या गावाजवळ पाइनच्या जंगलात क्षयरोग्यांसाठी एक मोठे सॅनिटोरियम बांधले गेले. ते १९३३ साली सुरू झाले. आल्वार आल्टो हे त्याचे वास्तुशिल्पकार. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, ऊन, सकस आहार आणि महिनोन् महिने विश्रांती, एवढाच उपचार. आपल्याकडे पाचगणीला आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला अशीच सॅनिटोरियमे होती. जुन्या वाचकांना आठवत असतील.

आल्टोंनी रोग्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले. उताण्या पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत दिवा येऊ नये म्हणून दिव्याची जागा बदलली. छताला शांत गडद रंग दिला. एका खोलीत दोन रोगी. एकाने तोंड धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून पाणी आवाज न करता पडेल अशा उताराची बेसिने केली. दारांच्या मुठीसुद्धा अशा, की घाईत जाणाऱ्या डॉक्टरच्या कोटाची बाही अडकणार नाही. (हे वाचले आणि माझ्या फाटलेल्या दोन कोटांची आठवण झाली.)

तिथल्या रोग्यांसाठी केलेली खुर्ची आज 'पाइमिओ खुर्ची' म्हणून जगभर ओळखली जाते. तेव्हा स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्यांची युरोपात नवलाई होती. आल्टोंनी ते स्टील नाकारले. ते अंगाला गार लागते, चकाकते, आवाज करते. त्याऐवजी त्यांनी बर्चचे लाकूड घेतले. आपल्या भूर्जपत्राचे झाड याच कुळातले. लाकूड वाफवून वाकवण्याची कला व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने १८५९ च्या सुमारास कारखान्यात आणली होती. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या त्याच घराण्यातल्या. आल्टोंची रीत थोडी वेगळी. लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवून वळवायचे. दोन बाजूंना अशा वळवलेल्या लाकडाच्या दोन बंद चौकटी. हात, पाय आणि जमिनीवरची पट्टी सगळे त्यातच. मधे बैठक आणि पाठ मिळून प्लायवूडचा एकच लवचिक पत्रा. वर ना गादी, ना कापड, म्हणजे पुसून स्वच्छ करायला सोपी. पाठ अशा कोनात कललेली, की छाती मोकळी राहून श्वास घेणे सोपे जावे. डोक्यामागे हवा खेळायला फटी.

या खुर्चीने क्षय बरा झाला का? नाही. क्षयाचे जंतू मारले ते औषधांनी. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. पुढे १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिले, की घरी राहून नियमित औषध घेणारा रोगीही सॅनिटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. सॅनिटोरियमांचा काळ संपला. पण ज्या माणसाला वर्षभर बसण्या-पडण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता, त्याला कुणीतरी नीट बसवले, याची किंमत मी डॉक्टर म्हणून कमी मानत नाही.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, नौदलासाठी मोडलेल्या पायाला आधार देणारी प्लायवूडची फळी बनवली. पायाच्या आकाराप्रमाणे वळवलेली. ते तंत्र हाती आल्यावर त्यांनी त्यातूनच खुर्च्या केल्या. हेच दोघे १९५८ मध्ये आपल्या सरकारच्या निमंत्रणावरून भारतात आले होते आणि इथल्या साध्या लोट्याच्या घडणीचे त्यांनी आपल्या अहवालात मोठे कौतुक केले. पुढे त्या अहवालावरूनच अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली.

आता आपल्या पाठीकडे वळू. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. आधाराशिवाय बसलेल्या माणसात तो उभ्या माणसापेक्षा जास्त भरला. १९९९ च्या नव्या मोजणीत बसणे आणि उभे राहणे यांत तेवढा फरक सापडला नाही. मात्र पुढे वाकून बसले की दाब वाढतो आणि पाठ टेकून मागे रेलले की कमी होतो, यावर दोन्हींचे एकमत आहे. माझे बाकडे पाठ टेकूच देत नव्हते, म्हणजे गुरुजींची तक्रार शास्त्राला धरूनच होती! अर्थात उत्तम खुर्चीतही तासन् तास बसू नये. अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत.

पाठीपेक्षाही मला काळजी वाटते ती उठण्याची. माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका घरातल्या आजी, वय अठ्ठ्याहत्तर. नातवाच्या लग्नात नवा सोफा आला. खोल बैठक, मऊ फोम, उंची जेमतेम फूटभर. आजींची वेताची, हातांची जुनी खुर्ची माळ्यावर गेली. त्या सोफ्यात रुतायच्या. उठायला कुणीतरी हात द्यावा लागे. एका दुपारी घरात कुणी नसताना फोन वाजला. उठताना तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, पण आजी पुन्हा उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. तो सोफा आल्यापासून मी त्यावर बसून चारदा तरी चहा घेतला होता. आजींचा रक्तदाब तपासला होता. सोफा तपासला नव्हता.

उठताना पाय मागे घेऊन शरीराचा भार पावलांवर आणावा लागतो. बैठक खोल आणि खाली असली की ते जमत नाही, सगळा ताण मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. म्हणून घरातल्या वृद्धांची बैठक घट्ट हवी, गुडघ्यापेक्षा बोट-दोन बोटे उंच हवी आणि खुर्चीला हात हवेत, तेही पुढच्या कडेपर्यंत आलेले, म्हणजे त्यांवर भार देऊन उठता येते. सोफा बदलणे शक्य नसेल तर गादीखाली फळी घाला आणि सोफ्याच्या पायांखाली मधे खळगा असलेले लाकडी ठोकळे द्या, म्हणजे पाय घसरणार नाही. इतरांनी बसल्यावर तीन गोष्टी बघाव्यात. पाऊल पुरते टेकते का, गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेत तीन बोटे जागा उरते का आणि कमरेच्या बाकाला आधार मिळतो का. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी जमिनीवर मांडी घालून बसणे सोडू नये, हेही सांगतो. पण ज्यांचे दुखतात त्यांना पंगतीत पाटावर बसण्याचा आग्रह करू नये.

बाकड्यासाठी मी ओळखीच्या सुतारमिस्त्रींना बोलावले. त्यांनी विचारले, "उंची किती ठेवू?"

"नेहमीची."

"नेहमीची म्हणजे कुणाची, डॉक्टरसाहेब?"

मला उत्तर देता येईना. शिंपी माप घेतो, चांभार माप घेतो. बसायच्या वस्तूसाठी आपण माप देतच नाही. मग आठवडाभर कंपाउंडरने आणि मी आलेल्या रोग्यांची पावलापासून गुडघ्यामागपर्यंतची मापे टेपने घेतली. लोकांना वाटले, नवी तपासणी निघाली आहे. कुणाचे चौदा इंच, कुणाचे अठरा. अखेर पाठीचे एक बाकडे सोळा इंचांचे केले, बुटक्यांसाठी त्याच्या पायाशी एक पट्टी मारली आणि दाराजवळ वृद्धांसाठी अठरा इंचांच्या, हातांच्या दोन खुर्च्या ठेवल्या. मिस्त्रींनी सागवान वापरले. बिल पाहून क्षणभर मलाच बसावे लागले.

परवा गुरुजी आले, त्या उंच खुर्चीत तासभर बसले, हातांवर भार देऊन सहज उठले आणि आत आले. कंबर कशी आहे, असे मी विचारले.

"कंबर झकास," ते म्हणाले, "खोकल्याचं मात्र तुम्ही अजून काहीच केलं नाहीत."