रुईची गाठ, आरएफआयडी आणि न वाचलेले टॅग

टोलनाक्यावर फास्टॅग कसा चालतो हे तुम्ही रोज पाहता. तेच तंत्र गोदामात वापरायचं म्हटलं की काम सोपं वाटतं. प्रत्येक मालावर टॅग लावा, दारात रीडर बसवा, मोजणी आपोआप! पण टोलवर एका वेळी एक गाडी येते. हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगच्या गोदामात शेकडो गाठी एकमेकींना खेटून रचलेल्या असतात. संशोधनाचा प्रश्न इथेच सुरू होतो.

टॅगला वीज कुठून मिळते?

या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरींतूनच तो ऊर्जा घेतो आणि त्याच लहरी बदलून परत पाठवतो. भारतात यासाठी 865 मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा वापरतात, म्हणजे तरंगलांबी साधारण 35 सेंमी. समजा, रीडरची अँटेना टॅगच्या दिशेने 4 वॅट इतक्या प्रभावी शक्तीने लहरी सोडते. मोकळ्या जागेत 5 मीटरवर साध्या टॅगला सुमारे 0.12 मिलिवॅट मिळतात. अंतर दुप्पट केलं की त्याच्या चौथा हिस्सा. हिशोब इतका काटेकोर आहे.

गाठीत काय असतं?

कोरडी रुई या लहरींना फारशी अडवत नाही. पाणी मात्र त्या शोषून घेतं. 170 किलोच्या गाठीत 8 टक्के ओलावा धरला तरी साडेतेरा किलोच्या आसपास पाणी झालं! त्यात गाठ लोखंडी तारेने किंवा पट्टीने बांधलेली असेल, तर धातूला चिकटलेल्या साध्या टॅगची अँटेना नीट काम करत नाही. म्हणून टॅग कुठे लावायचा हा किरकोळ मुद्दा नाही, प्रयोगातला मुख्य घटक आहे.

98 टक्के पुरे का?

समजा, प्रत्येक टॅग वाचला जाण्याची शक्यता 98 टक्के आहे. ऐकायला छान. पण 100 गाठींचे सगळे टॅग एकाच फेरीत वाचले जाण्याची शक्यता 0.98 चा 100 वा घात, म्हणजे जेमतेम 13 टक्के.

मग दुसऱ्यांदा वाचू या? इथे नीट थांबा. चूक यादृच्छिक असेल तर पुन्हा वाचून फायदा होतो. पण थप्पीच्या मधोमध अडकलेली गाठ दहा वेळा वाचली तरी दिसणार नाही, कारण अडथळा तोच आहे. अशा वेळी अँटेनाची जागा बदला, किंवा गाठी हलताना, दारातून जाताना वाचा.

‘वाचला नाही’ म्हणजे ‘गाठ नाही’ असा अर्थ काढू नका. गोदामातल्या मालावर तारण कर्ज उचललेलं असतं. कागदावर एक गाठ कमी दिसली तर संशय हमालापासून मालकापर्यंत सगळ्यांवर जातो.

क्यूआर कोड का नको?

सीसीआयच्या गाठींवर क्यूआर कोड येऊ लागले आहेत. ते स्वस्त आहेत, धातूचा त्रास नाही. पण प्रत्येक कोड डोळ्यासमोर यावा लागतो. म्हणून ‘आरएफआयडी चांगलं की वाईट’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. ‘किती ओलाव्याला, किती थरांच्या थप्पीत, टॅग कुठे लावल्यावर किती गाठी सुटतात?’ हा होतो. प्रस्ताव लिहिताना तुमचा प्रश्न असा मोजता येतो का, ते आधी तपासा.