जहाजावरील नवें इंधन

आमच्या भवानी पेठेंतून समुद्र दिसत नाहीं. पण तेलाच्या डब्यांत पाणी गेलें कीं तेल बिघडतें, हें सोलापुरांतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आज जहाजांवरहि हाच प्रश्न उभा आहे.

१९०० सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत एक डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. आतां कर्बवायु कमी व्हावा म्हणून वनस्पतितेलापासून केलेलें जैव-डीझेल जहाजांच्या टाक्यांत येत आहे. परंतु तें खनिज तेलाहून अधिक ओलावा शोषतें. पाणी तळाशीं सांचतें, त्याच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढतात व बुळबुळीत गाळ होतो. शिवाय टाकीस चिकटलेला जुना मळहि हें तेल सोडवितें. गाळणी तुंबली कीं एंजिन थांबतें. आणि भर वादळांत एंजिन थांबणें म्हणजे खलाशांच्या जिवाशीं गांठ!

म्हणून टाकी आधीं धुवून कोरडी करावी. मात्र आंतील हवा तपासल्यावांचून कोणीहि आंत उतरूं नये. तळचें पाणी नियमानें काढावें, दुधांतून साय काढणाऱ्या यंत्रासारख्या फिरत्या यंत्रानें तेल शुद्ध करावें, आणि जुना सांठा आधीं वापरावा.

मेथॅनॉलची गोष्ट निराळी. तें पाण्यांत पूर्ण मिसळत असल्यानें हें यंत्र तेथें निरुपयोगी. त्याची वाफ सुमारें ११ अंशांवरहि पेट घेते व ज्योत दिवसा दिसत नाहीं. म्हणून टाकींतील मोकळ्या जागेंत नत्रवायु भरून ठेवितात.

सारांश, धूर स्वच्छ हवा असेल तर आधीं टाकी स्वच्छ हवी.