मराठी ख्रिस्ती भक्तिसाहित्यातील नम्रता आणि कृपा

मराठी ख्रिस्ती भक्तिसाहित्यात नम्रता, ईश्वरी कृपा आणि देवाची प्रीती या तीन परस्परसंबद्ध संकल्पनांना मध्यवर्ती स्थान आहे. सतराव्या शतकातील पुराणकाव्यांपासून विसाव्या शतकातील अभंग, भजने, कीर्तने आणि चिंतनपर गद्यापर्यंत या साहित्याचा विस्तार आहे. गोवा, वसई, अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर), सातारा आणि आजची मुंबई उपनगरे ज्यात येतात ते साष्टी बेट, या प्रदेशांशी त्याचा निकटचा संबंध आहे. या साहित्याने ओवी, अभंग आणि भक्तिपरंपरेची शब्दकळा स्वीकारली. त्यामुळे ख्रिस्ती विचार मराठी वाचकाला परिचित भाषेत उपलब्ध झाला. त्याच वेळी त्या शब्दांना आधीपासून असलेल्या अर्थांशी त्याला जुळवून घ्यावे लागले.

संकल्पना

बायबलचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत आहे. त्यातील 'खारिस' या शब्दासाठी मराठीत 'कृपा' आणि 'अगापे' या शब्दासाठी 'प्रीती' हे शब्द रूढ झाले. ख्रिस्ती मतानुसार कृपा म्हणजे पात्रतेचा विचार न करता देवाने दिलेले दान होय. ते पुण्याईने कमावता येत नाही, केवळ स्वीकारता येते. नम्रता हा याच विचाराचा परिणाम मानला जातो. जे आहे ते सर्व मिळालेले आहे, अशी जाणीव झालेल्या मनुष्याला अहंकारास आधार उरत नाही.

भक्तिपर लेखनात या संकल्पना बहुधा शुभवर्तमानांतील कथांच्या आधारे मांडल्या जातात. लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात आपली धर्मकृत्ये मोजून दाखवणारा परूशी आणि मान खाली घालून दयेची याचना करणारा जकातदार यांचा दृष्टान्त आहे. त्यात जकातदार देवापुढे नीतिमान ठरतो. त्याच शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात परतणाऱ्या मुलाची क्षमायाचना पूर्ण होण्याआधीच पिता त्याला जवळ घेतो. योहानकृत शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. पवित्र सप्ताहातील गुरुवारी अनेक चर्चांमध्ये धर्मगुरू या प्रसंगाच्या स्मरणार्थ भाविकांचे पाय धुतात. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देवस्वरूप असलेल्या ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतले, असे प्रतिपादन आहे. त्यामुळे ख्रिस्ती विचारात नम्रता हा केवळ माणसाचा सद्गुण न राहता देवाच्या स्वभावाचा भाग ठरतो.

कृपा आणि मानवी प्रयत्न यांच्या संबंधावरून ख्रिस्ती जगात दीर्घ वाद झाले. पाचव्या शतकात ऑगस्टीन व पेलागियस यांच्यात आणि सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर व रोमन चर्च यांच्यात हा प्रश्न कळीचा होता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या.

पुराणकाव्ये

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये सासष्टी प्रांतातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. 'पहिले पुराण' आणि 'दुसरे पुराण' अशा दोन भागांत मिळून सुमारे ११ हजार ओव्या असलेल्या या ग्रंथात सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पूर्वीची पुराणे त्यांच्यापासून दुरावली होती. त्यांच्या जागी वाचण्यासारखे काही द्यावे, अशी विनंती एक ब्राह्मण ख्रिस्ती करतो, असा प्रसंग ग्रंथाच्या आरंभी येतो. पोर्तुगीज सत्तेच्या काळातील धर्मांतरानंतर समाजात निर्माण झालेली सांस्कृतिक पोकळी त्यातून दिसते. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली.

उत्तर कोकणात फ्रान्सिस्को वाझ दे गिमाराइश या पोर्तुगीज धर्मगुरूने ख्रिस्ताच्या दुःखसहनावर रचलेले मराठी पुराण महत्त्वाचे आहे. ते १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. मुंबई परिसरातील ख्रिस्ती लोकांमध्ये उपवासकाळात त्याचे वाचन होत असे.

साष्टी आणि मुंबई उपनगरे

१५३४ च्या वसईच्या तहानंतर साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथील शैवलेण्यांचा फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी चर्चसाठी वापर केला. लेणी आणि त्यांच्यावर उभारलेल्या ख्रिस्ती वास्तूचे अवशेष आजही तेथे एकत्र पाहावयास मिळतात. अंधेरीतील मरोळ येथे सोळाव्या शतकात बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. एकोणिसाव्या शतकात साथीच्या रोगामुळे ही वस्ती व चर्च सोडून द्यावे लागले.

१७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकून घेतली. त्यानंतरही येथील ख्रिस्ती समाजाने आपला धर्म आणि मराठीची बोली दोन्ही जपली. १८८७ मध्ये या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. उपनगरांतील जुन्या गावठाणांमध्ये रस्त्याकडेला उभे असलेले क्रूस या समाजाच्या सामुदायिक प्रार्थनेची स्थाने आहेत. येथील भक्ती ग्रंथांइतकीच मौखिक परंपरेवर, माळेच्या प्रार्थनेवर आणि उपवासकाळातील गीतांवर उभी राहिली.

नारायण वामन टिळक

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांच्या कार्यामुळे मराठी ख्रिस्ती लेखनाला नवे वळण मिळाले. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८४२ मध्ये अहमदनगर येथे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. आरंभीच्या लेखनात खंडनमंडनाचा भर अधिक होता. भक्तिकाव्याची ओढ त्यात प्रकर्षाने आणली ती कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची भूमिका होती. त्यांच्या अभंगांत भक्त हा लेकरू आणि ख्रिस्त ही माता अथवा गुरू, असे नाते वारंवार येते. पापाची कबुली, शरणागती आणि देवाच्या वात्सल्यावरील विश्वास हे त्यांच्या भजनांचे प्रमुख विषय आहेत. त्यांची अनेक पदे मराठी चर्चांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही गायली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी त्यामागील कल्पना होती.

लक्ष्मीबाई टिळक

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात नम्रतेचा विचार दैनंदिन जीवनाच्या पातळीवर येतो. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळे-ओवळे पाळले होते. जातिभेद देवाने केलेला नाही, या निष्कर्षाप्रत त्या हळूहळू आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे नम्रता म्हणजे उच्च जातीचा अभिमान स्वयंपाकघर आणि पाणवठ्यापासून सोडून देणे होय. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या निधनामुळे अपूर्ण राहिले होते. त्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला.

भक्तिपरंपरेशी साम्य आणि भेद

संतकाव्यातही भक्त स्वतःला दीन, पतित आणि अनाथ म्हणवतो. देव त्याच्याकडे आपणहून धावत येतो. हे साम्य ख्रिस्ती कवींना उपकारक ठरले. मात्र संतकाव्यातील कृपेला कर्म आणि पुनर्जन्माची पार्श्वभूमी आहे. ख्रिस्ती विचारात ती येशूच्या क्रूसावरील मृत्यूशी आणि पुनरुत्थानाशी जोडलेली आहे. 'मुक्ती' म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. 'तारण' म्हणजे पापापासून सुटका आणि देवाशी पुनर्मीलन. 'अवतार' अनेक असू शकतात. ख्रिस्ताचे देहधारण एकदाच घडले, असे चर्च मानते. त्यामुळे अनेक मराठी ख्रिस्ती लेखक 'तारण' आणि 'देहधारण' हे शब्द जाणीवपूर्वक वापरतात, तर 'कृपा' हा शब्द दोन्ही परंपरांत समान राहिला.

नम्रता आणि आत्मसन्मान

अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये महार आणि मांग समाजांतील लोकांचे प्रमाण मोठे होते. ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या दीनता लादली गेली, त्यांना नम्रतेचा उपदेश करणे कितपत योग्य, हा प्रश्न विसाव्या शतकात तीव्र झाला. महाराष्ट्रातील ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी केली. सेवकाचे रूप घेणारा देव दलितांच्या बाजूने उभा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या दृष्टीने नम्रतेचे आवाहन प्रथम सत्ताधारी आणि प्रतिष्ठितांना लागू होते. वंचितांसाठी कृपेचा अर्थ, जन्मावर अवलंबून नसलेली योग्यता देवाने दिली आहे, असा होतो. लादलेली लाचारी आणि स्वेच्छेने स्वीकारलेली नम्रता यांतील हा भेद या चर्चेचा गाभा आहे.

आधुनिक काळ

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५) कॅथलिक उपासना लोकभाषांमध्ये होऊ लागली आणि मराठी प्रार्थना व गीतांना चर्चमध्ये अधिकृत स्थान मिळाले. वसईतून निघणाऱ्या 'सुवार्ता' मासिकाने चिंतनपर मराठी लेखनाला व्यासपीठ दिले. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल' या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव) येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.