पेनड्राइव्हमधले गाणे गाडीत का वाजत नाही?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या अनेक मोटारींच्या स्टिरिओला यूएसबीची खाच असते. तिच्यात पेनड्राइव्ह खोचला की गाणी वाजू लागतात. आता समजा, अशा गाडीच्या मालकाने स्पॉटिफायसारख्या एखाद्या संगीतसेवेची वर्गणी भरली, फोनवर शंभरेक गाणी डाउनलोड केली आणि ती पेनड्राइव्हवर घालून गाडीत लावायचे ठरवले. काय होईल? पहिली अडचण म्हणजे फोनमध्ये शोधूनही गाण्यांच्या नावाच्या फायली सापडत नाहीत. सापडतात त्या भलत्याच नावांच्या. त्या जशाच्या तशा पेनड्राइव्हवर उतरवल्या तरी स्टिरिओ गप्पच राहतो.

पैसे भरले आहेत, गाणे उतरवून घेतले आहे, फोनवर ते नीट ऐकू येते. मग गाडीत का नाही? एखाद्या विद्यार्थ्याने हे विचारले तर 'गाडी जुनी आहे' एवढे उत्तर पुरे पडणार नाही. ते अर्धेच खरे आहे. पेनड्राइव्हपासून आपल्या कानापर्यंत येताना गाण्याला तीन दारे ओलांडावी लागतात. त्यांतली दोन गाडीच्या वयामुळे बंद राहू शकतात. तिसरे मात्र कोणीतरी मुद्दाम बंद केलेले असते. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

पहिले दार : नोंदवही

पेनड्राइव्ह म्हणजे शून्य आणि एक यांचे मोठे कोठार. कोणती फाइल कोठून सुरू होते, तिचे तुकडे कोठे ठेवले आहेत, याची नोंद त्याच पेनड्राइव्हवर केलेली असते. ग्रंथालयातील नोंदवहीसारखीच ही व्यवस्था आहे. पुस्तके कपाटात असतात, पण नोंदवही वाचता आली नाही तर हवे ते पुस्तक सापडणार नाही.

या नोंदवह्या लिहिण्याच्या अनेक पद्धती आहेत. फॅट-३२ ही पद्धत १९९६ पासून वापरात आली. एनटीएफएस १९९३ ची, तर एक्सफॅट २००६ ची. जुन्या स्टिरिओला बहुधा फॅट घराण्यातील जुन्या नोंदवह्याच वाचता येतात. मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह मात्र अनेकदा एक्सफॅट पद्धतीने आखलेले असतात. अशा वेळी गाणी असूनही स्टिरिओला पेनड्राइव्ह रिकामा किंवा बिघडलेला वाटतो. पेनड्राइव्ह संगणकावर फॅट-३२ पद्धतीने पुन्हा आखला, म्हणजेच फॉरमॅट केला, की हे दार उघडते. मात्र तसे करताना आधीचा सगळा मजकूर पुसला जातो, हे लक्षात ठेवावे.

दुसरे दार : लिपी

नोंदवही वाचता आली, फाइल सापडली. आता ती वाचायची. यासाठी गाण्याचे आकडे कसे होतात ते थोडक्यात पाहू.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्यांचे रूपांतर विद्युत् लहरीत करतो. या लहरीची उंची ठरावीक काळाने मोजली की आकड्यांची एक रांग मिळते. माणसाला जास्तीत जास्त सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एखादी लहर पुन्हा उभी करायची तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप करावे लागते. म्हणून १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे हा आकडा ठरला. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचे आणि डाव्या-उजव्या कानासाठी अशा दोन रांगा ठेवायच्या. आता गुणाकार करू :

४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदाला.

पाच मिनिटांच्या गाण्याचे ३०० सेकंद. त्याला ४२,३३,६०,००० बिट लागतील. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सुमारे ५ कोटी २९ लाख बाइट झाले. एवढी मोठी फाइल साठवणे आणि पाठवणे एके काळी फार महाग होते.

यावर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रान्डनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. त्यांनी कानाच्या एका मर्यादेचा उपयोग करून घेतला. ढोल-ताशांचे पथक जवळून जात असताना शेजारच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. कुजबुज असते, पण मोठा आवाज तिला झाकून टाकतो. गाण्यातही क्षणोक्षणी असे झाकले जाणारे सूक्ष्म ध्वनी असतात. ते टाकून दिले किंवा ढोबळपणे लिहिले तर ऐकणाऱ्याला फारसे कळत नाही. या तत्त्वावर बेतलेली एमपी-३ ही पद्धत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग होती. सेकंदाला १,२८,००० बिट या दराने तेच पाच मिनिटांचे गाणे ४८ लाख बाइटांत मावते. म्हणजे मूळ आकाराच्या जवळपास अकराव्या हिश्श्यात.

पुढे याच कल्पनेवर आधारलेल्या आणखी पद्धती आल्या. एएसी ही १९९७ च्या मानकातील. ऑग व्हॉर्बिस ही कोणालाही मोफत वापरता येणारी पद्धत. तिची पहिली पक्की आवृत्ती २००२ मध्ये आली. स्पॉटिफायने आपल्या फोनवरील गाण्यांसाठी प्रामुख्याने हीच पद्धत वापरली आहे. जुन्या स्टिरिओतील चिपला मात्र एमपी-३ आणि फार तर आणखी एक-दोन पद्धती शिकवलेल्या असतात.

आपल्याकडे जुन्या जमिनीचे कागद मोडी लिपीत सापडतात. भाषा मराठीच असते, कागद आपल्याच घरातला असतो, पण लिपी येत नसेल तर एक अक्षरही लागत नाही. ऑग व्हॉर्बिसची फाइल आणि जुना स्टिरिओ यांचे असेच होते. काही जण फाइलच्या नावाचे शेपूट बदलून तिथे 'एमपी-३' असे लिहून पाहतात. त्याने काहीच होत नाही. मोडी कागदाच्या पाकिटावर 'देवनागरी' असे लिहिल्याने आतली अक्षरे बदलत नाहीत. मोडीचे लिप्यंतर मात्र करता येते. तसेच फाइल कुलूपबंद नसेल तर ती एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत आणणारी मोफत संगणक-साधने उपलब्ध आहेत. म्हणजे हेही दार उघडण्याजोगे आहे.

तिसरे दार : कुलूप

खरी अडचण येथे आहे. संगीतसेवेने उतरवून दिलेली फाइल नुसती वेगळ्या लिपीत नसते. ती गूढलेखनाने बंद केलेली असते. लहानपणी आपण 'च'ची भाषा बोलत असू. 'मला' या शब्दाचे 'चलाम' होई. ज्याला नियम ठाऊक, त्याला अर्थ कळे, इतरांना नाही. संगणकातील गूढलेखनाची कल्पना अशीच आहे. मात्र तेथे नियम गुप्त नसतो, किल्ली गुप्त असते.

एक छोटे उदाहरण घेऊ. मूळ मजकूर ०११० आणि किल्ली १०१०. किल्लीत जेथे १ असेल तेथे मजकुरातील अंक उलटा करायचा, जेथे ० असेल तेथे तसाच ठेवायचा. मिळतील ११००. याच अंकांवर पुन्हा तीच किल्ली चालवली की ०११० परत मिळतात. किल्ली नसलेल्याला ११०० वरून काहीच ठरवता येत नाही. चार अंकी किल्ल्या फक्त १६ असतात. पण किल्ली १२८ अंकांची असेल तर शक्य किल्ल्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये एवढी होते. एकेक करून त्या लावून पाहणे शक्य नाही.

ही किल्ली संगीतसेवेच्या ॲपच्या ताब्यात असते. वर्गणी चालू आहे तोवर ते ती वापरते. स्पॉटिफायची गाणी उतरवून घेतली तरी ३० दिवसांतून किमान एकदा इंटरनेटला जोडावे लागते ते याचसाठी : वर्गणी चालू आहे ना, हे तपासले जाते. पेनड्राइव्हवर आपण पेटी नेतो, किल्ली फोनमध्येच राहते. गाडी अगदी नवी असती तरी पेनड्राइव्हवरची ही पेटी तिला उघडता आली नसती.

कुलूप घालण्यामागचे कारणही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. एका महिन्याच्या वर्गणीत हजारो उघड्या फायली घेऊन जाता आल्या, तर दुसऱ्या महिन्याची वर्गणी कोण भरेल? मग गायक, वादक, गीतकार यांना मोबदला कोठून मिळेल? भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये ६५-अ हे कलम घातले गेले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. 'कुलूप काढून देतो' अशा जाहिराती करणाऱ्या साधनांपासून दूर राहावे, हे उत्तम.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००८ मध्ये याहू कंपनीने आपले संगीताचे दुकान आणि किल्ल्या देणारे संगणक बंद करण्याचे जाहीर केले. तेथून लोकांनी गाणी वर्गणीवर नव्हे, विकत घेतली होती. तरीही नव्या संगणकावर ती उघडण्याचा मार्ग त्यामुळे बंद होणार होता. शेवटी कंपनीला ग्राहकांना भरपाई देऊ करावी लागली. आपल्याकडे एअरटेलने आपली विंक म्युझिक ही सेवा २०२४ मध्ये गुंडाळायचे ठरवले. ज्याची किल्ली दुसऱ्याकडे, ती वस्तू त्याच्या मर्जीने आपल्यापाशी राहते.

मग गाडीत ऐकायचे कसे?

दोन सरळ मार्ग आहेत. पहिला मार्ग फोन आणि गाडी जोडण्याचा. गाडीत ऑक्सची खाच असेल तर फोनमध्येच कुलूप उघडते, लिपी वाचली जाते आणि तारेतून स्टिरिओकडे फक्त विद्युत् लहर जाते. तिन्ही दारे फोननेच ओलांडलेली असतात. गाडीला काहीच समजावे लागत नाही. ब्लूटूथमध्येही कुलूप फोनच उघडतो. फक्त ध्वनी पुन्हा एका सोप्या लिपीत बांधून हवेतून पाठवला जातो.

दुसरा मार्ग बिनकुलपाची गाणी घेण्याचा. ॲपलच्या आयट्यून्स दुकानातील गाणी २००९ पासून कुलपाविना विकली जाऊ लागली. बँडकॅम्पवर अनेक कलाकार एमपी-३ फायली थेट विकतात. घरात जुन्या सीडी असतील तर स्वतःच्या वापरासाठी त्यांच्यावरूनही एमपी-३ फायली तयार करता येतात.

वर्गात करून पाहू या

संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत साधन घ्यावे. पाठ्यपुस्तकातील एक कविता विद्यार्थ्यांकडून म्हणवून घेऊन तिचे एक मिनिटाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण करावे. तेच ध्वनिमुद्रण आधी सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये, मग १२८ आणि ३२ किलोबिट या स्थिर दरांच्या एमपी-३ मध्ये साठवावे. फाइल उघडण्याआधी प्रत्येकीचा आकार विद्यार्थ्यांना गणिताने काढू द्यावा. उत्तरे सुमारे १ कोटी ६ लाख, ९ लाख ६० हजार आणि २ लाख ४० हजार बाइट अशी यायला हवीत. नंतर तिन्ही ऐकून फरक कोठे जाणवतो ते टिपावे. शेवटी या फायली फॅट-३२ पेनड्राइव्हवर घालून एखाद्या शिक्षकाच्या गाडीत लावून पाहाव्यात.

या फायली वाजतील, आणि पुढची अनेक वर्षे वाजत राहतील. कारण त्यांची किल्ली कोणाकडेच नाही. शाळेने जमवलेली गाणी, भाषणे, श्राव्य पाठ कोठे ठेवायचे हे ठरवताना याचा विचार जरूर व्हावा. भाड्याने ऐकणे वाईट नाही. थोड्या पैशांत फार मोठे भांडार खुले होते. पण जे जपून ठेवायचे आहे, ते भाड्याच्या पेटीत ठेवू नये.