किनाऱ्यालगत : भाग ९ – दुसरा नांगर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आलं तेव्हा 'बसरा स्टार' नावाचं जहाज रत्नागिरीजवळ नांगर टाकून उभं होतं. वाऱ्यापुढं नांगराचं काही चाललं नाही आणि जहाज थेट मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन बसलं. खलाशी सुखरूप सुटले. जहाज मात्र पुढं कित्येक वर्षं तिथंच गंजत राहिलं आणि रत्नागिरीला जाणाऱ्यांसाठी फोटो काढायची जागा होऊन बसलं. एवढ्या मोठ्या धुडाचा नांगर सुटतो, तर मुंबईहून गोव्याकडं किनाऱ्याकिनाऱ्यानं निघालेल्या आपल्या पस्तीस फुटी शिडाच्या बोटीनं कशाच्या भरवशावर रात्र काढायची?

मागच्या भागात आपण मुख्य नांगर निवडला, तो नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, रोलरवर बसवला, त्याला साखळी जोडली. आज त्याच्या जोडीदाराबद्दल. आधीच सांगतो, बहुतेक बोटींवर दुसरा नांगर असतोच. फक्त तो वेळेवर हाताला येत नाही. कुठल्या तरी लॉकरच्या तळाशी, लाइफ जॅकेटांच्या आणि जुन्या शिडाच्या खाली, साखळी जोडायची शॅकल गंजलेली, दोर दुसऱ्याच कामाला नेलेला. अशा नांगराची किंमत भंगाराच्या भावाएवढीच.

वर्धेकर वाचकाला नांगर म्हटलं की वजन डोळ्यांपुढं येणं स्वाभाविक आहे. बोरच्या किंवा निम्न वर्धाच्या जलाशयात डोंगा जागेवर ठेवायला दोरीला बांधलेला दगड पुरतो. प्राचीन काळी समुद्रावरही दगडच चालायचे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना द्वारकेच्या समुद्रात तीन भोकांचे, त्रिकोणी दगडी नांगर मोठ्या संख्येनं मिळाले आहेत. वरच्या भोकात दोर आणि खालच्या दोन भोकांत लाकडी खुंट्या. त्या खुंट्यांतच पुढच्या सगळ्या नांगरांचं मर्म आहे, कारण बोट धरून ठेवतं ते तळात रुतलेलं पातं. वजनाचं काम पात्याला तळाशी नेऊन टेकवण्याइतकंच. म्हणून कुठला नांगर घ्यावा हे तळ ठरवतो. ओल्या काळ्या कपाशीच्या जमिनीत जे अवजार खोल जातं ते मुरमात वरच्यावर घसरतं, हे वर्ध्यात कुणाला शिकवायला नको.

कोकणात तर एकाच दिवसाच्या प्रवासात तळ बदलतो. राजपुरीच्या खाडीत, जयगडला, विजयदुर्गाच्या आत मऊ गाळ. उघड्या किनाऱ्यासमोर रेती. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास खडकच खडक. मुख्य नांगर यांतल्या दोन ठिकाणी चोख काम करेल, तिसऱ्या ठिकाणी मान टाकेल. म्हणून दुसरा नांगर पहिल्याचा धाकटा भाऊ नसावा, वेगळ्याच जातीचा असावा. दुकानदार नेमकं उलट सुचवतात: "हाच घ्या, एक साइज लहान." म्हणजे जिथं मोठा धरणार नाही तिथं लहानही धरणार नाही, आणि पैसे दोन्हींचे गेलेले.

जाती मोजक्याच आहेत. फाळासारखा सीक्यूआर नांगर केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ साली काढला. मूळ हेतू पाण्यावर उतरणारी विमानं थोपवायचा होता. पंजासारखा ब्रूस १९७० च्या दशकातला. हल्लीचे स्पेड, रोकना हे फावड्याच्या खोलगट पात्याचे. हे सगळे मुख्य नांगर म्हणून चांगले, कारण ओढीची दिशा फिरली तरी ते बहुधा पुन्हा रुततात. आपल्या किनाऱ्यावर हे फार महत्त्वाचं आहे. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येचं खारं वारं जोर धरतं आणि पहाटेकडं जमिनीवरून मतलई वारं सुटतं. संध्याकाळी समुद्राकडं तोंड करून उभी केलेली बोट झोपेत असताना अर्धं वर्तुळ फिरते आणि नांगर उलट्या बाजूनं ओढला जातो.

डॅनफोर्थ नेमका इथंच दगा देतो. दोन चपटी, हलती पाती, मध्ये दांडा. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याला लागणाऱ्या लष्करी नौका परत खोल पाण्यात ओढून घ्यायला तो वापरला गेला. सरळ ओढीत वजनाच्या मानानं त्याची पकड विलक्षण. पण दिशा उलटली, तो उपटला गेला आणि पात्यांमध्ये एखादा शिंपला किंवा दगड अडकला, की पाती उघडत नाहीत आणि नांगर पाटीसारखा तळावर घसरत राहतो. म्हणून तो एकट्यानं रात्रभर सांभाळायला ठेवू नये. दुसरा नांगर म्हणून मात्र माझी पसंती यालाच. दुसऱ्या नांगराची बहुतेक कामं एकाच दिशेच्या ओढीची असतात: अरुंद खाडीत बोट फिरू नये म्हणून मागून धरणं, जोराच्या वाऱ्यात मुख्य नांगराला जोड देणं, रेतीत रुतलेली बोट ओढून काढणं.

हे शेवटचं काम जरा सविस्तर बघू. बाणकोटला सावित्रीच्या मुखाशी किंवा अशाच कुठल्याही नदीच्या तोंडाशी रेतीचा दांडा असतो आणि दर पावसाळ्यानंतर तो थोडा सरकलेला असतो. ओहोटी लागल्यावर बोट त्यावर चढली, तर पाणी मिनिटामिनिटाला कमी होतं. इंजिन रेटून उपयोग नाही. ते रेती आणि गाळ ओढून गरम होतं. करायचं एवढंच: दुसरा नांगर छोट्या होडीत घालायचा, खोल पाण्याच्या दिशेनं दोर संपेपर्यंत न्यायचा, सोडायचा, दोर विंचवर ताणून ठेवायचा आणि भरतीची वाट बघायची. पाणी चढायला लागलं की लाट बोटीला आणखी वर ढकलू बघते, तेव्हा ताणलेला दोर तिला धरतो आणि शेवटी खाली खेचतो. आता वीस किलोंचा नांगर डुगडुगत्या रबरी होडीतून न्यायचा विचार करा. फोर्ट्रेस नावाचा ॲल्युमिनियमचा डॅनफोर्थसारखा नांगर इथं उजवा ठरतो. पस्तीस फुटांच्या बोटीसाठीचा साडेचार किलोंच्या आसपास भरतो, एका हातात मावतो आणि रेतीसाठी ३२ व मऊ गाळासाठी ४५ अंश असा पात्यांचा कोनही बदलता येतो. खडकाला तो निरुपयोगी. मालवणच्या बाजूला मुक्काम करायचा असेल तर चार काट्यांचा साधा लोखंडी नांगर, मच्छीमार वापरतात तसा, तिसरा म्हणून ठेवावा. खडकात अडकून तो गेला तर जीव हळहळत नाही.

नुसतं लोखंड घेऊन भागत नाही. दुसऱ्या नांगराला त्याची स्वतःची साखळी आणि दोर हवा, कारण पहिला नांगर जातो तेव्हा बहुधा दोरासकटच जातो. पाच-सहा मीटर ८ मिलिमीटरची साखळी आणि पुढं पन्नास-साठ मीटर नायलॉन. साखळी खडकावर घासायला आणि ओढ आडवी ठेवायला. नायलॉन ताणून झटके पचवायला. ट्रॉलरचा स्वस्त पॉलिप्रॉपिलीन दोर मोह पाडतो, पण तो तरंगतो, पंख्यात गुंततो आणि उन्हात लवकर कुजतो. शॅकलचा खिळा तारेनं बांधून टाकावा. रात्रभरच्या हेलकाव्यांनी तो फिरत फिरत बाहेर येतो.

दोर किती सोडायचा यात नवखे हमखास फसतात. नियम पाचपटीचा, जोराच्या वाऱ्यात सात किंवा जास्त. पण पाचपट कशाची? समजा ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकला. नाळ पाण्यापासून एक मीटर वर. चारच्या पाचपट वीस मीटर दोर सोडून मंडळी जेवायला बसली. मुंबईकडच्या भागात उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरही चढतं. आता तळापासून नाळेपर्यंतचं अंतर आठ मीटर आणि दोर वीसच, म्हणजे अडीचपट. ओढ आडवी न राहता वरच्या दिशेनं लागते आणि नांगर उपटला जातो. दक्षिणेला मालवण, गोव्याकडं भरतीचा फरक याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळं तिथं शिकलेला माणूस उत्तरेत चुकतो.

आणि वाऱ्याचं गणित सरळ नाही. वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो. अमेरिकेतल्या बोट-उद्योगाचं एक जुनं कोष्टक पस्तीस फुटी बोटीसाठी ३० नॉट वाऱ्यात ९०० पौंड आणि ४२ नॉटला १८०० पौंड ओढ धरतं. म्हणजे चारशे किलोंची ओढ आठशेवर जायला जेमतेम बारा नॉट पुरे झाले.

आता ठेवायचं कुठं. नाळेवर दोन्ही नांगर नकोत. पुढच्या टोकाला वजन वाढलं की बोट लाटेत नाक खुपसते. आम्ही शिकवताना सांगतो की दुसऱ्या नांगराची जागा मागं, कॉकपिटच्या लॉकरमध्ये सगळ्यात वर किंवा मागच्या कठड्याला ब्रॅकेट लावून. लोखंडी असेल तर होकायंत्रापासून लांब. दोन हात अंतरावरचं लोखंडही सुई फिरवतं आणि ते धुक्यातच कळतं. ॲल्युमिनियमच्या नांगराला ही भानगड नाही, पण स्टीलची शॅकल त्याला थेट चिकटून खाऱ्या ओलाव्यात राहिली तर ॲल्युमिनियम पोखरलं जातं. अधूनमधून सोडून, धुऊन, ग्रीस लावावं. फोर्ट्रेस सुटा करून पिशवीत ठेवता येतो म्हणून जाहिरात करतात. ठेवू नये. काळोखात, हलत्या डेकवर, ओल्या हातांनी पाना शोधत नट आवळायचे ही कल्पनाच करून बघा. जोडून ठेवावा, पाती कापडानं किंवा जुन्या रबरी नळीनं झाकावीत आणि दोन ठिकाणी बांधावा. उसळत्या समुद्रात सुटलेला नांगर लॉकरच्या भिंतीतून बाहेर यायला कमी करत नाही.

दोर वेटोळं करून टांगू नये, त्याला गाठी पडतात. रुंद तोंडाच्या जाड पिशवीत एक टोक आधी आत, मग नुसता ओतत जावा, साखळी वरती. सोडताना तो न अडखळता बाहेर येतो. ते आतलं टोक पिशवीच्या बुडातून बाहेर काढून बोटीला बांधलेलं असावं, तेही शॅकलनं नव्हे तर जाड दोरीनं, म्हणजे घाईत निघायचं झालं तर सुरीनं कापता येतं. हे टोक न बांधता सगळा संच समुद्राला अर्पण केलेले तांडेल प्रत्येक बंदरात आहेत, विचारलं तर दुसऱ्याचं नाव सांगतात.

दोन नांगर आहेत म्हणून वादळात थांबायचं का? नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात उभ्या असलेल्या पी-३०५ बार्जवर २६१ माणसं होती. बार्जचे नांगर सुटले, ती भरकटली आणि १७ मेला बुडाली. नौदलानं १८६ जणांना वाचवलं. तिथं नांगर कमी नव्हते, वेळेत निघणं राहून गेलं. इशारा आला की देवगड, जयगड, विजयदुर्ग यांपैकी जवळच्या आडोशाला आधीच जाऊन बसावं. गुजरातेतल्या मासेमारी नौकाही वादळात देवगडचा आसरा घेतात, ते उगाच नाही.

खरेदीबद्दल थोडं. मुंबईत दारूखान्याच्या भंगार बाजारात तोडलेल्या जहाजांच्या साखळ्या मिळतात आणि भाव ऐकून हात शिवशिवतात. घ्यायचीच तर कडी कडीला टेकते तिथली जाडी कॅलिपरनं मोजा. तिथं ८ ची साडेसहा झाली असेल तर ती गेटला कुलूप लावायला वापरा. नांगर मात्र नवाच घ्या, आणि घेतल्यावर पहिल्या शांत दुपारी एकट्यानं, कुणाची मदत न घेता, लॉकरपासून पाण्यापर्यंत नेऊन बघा. दोन मिनिटांच्या वर लागली तर जागा बदला. दोराची जाडी, गाठी आणि झीज यांचा हिशेब पुढच्या आठवड्यात.