भावंडं झालेले रोबोट ते मालेगावचा सुपरमॅन : फॅनमेड सिरीज म्हणजे काय आणि ती कायद्यात बसते का?

रात्री झोपायच्या आधी सहज यूट्यूब उघडलं आणि समोर एक विचित्र व्हिडिओ आला. एक अस्वल, एक ससा, एक कोंबडी आणि एक कोल्हा. चौघंही लोखंडी सांगाड्याचे, डोळे लाल, दात बाहेर. तुम्हाला वाटलं आता हे कुणाला तरी घाबरवणार. पण ते चौघं भांडत होते. कशावरून, तर शेवटचा पिझ्झाचा तुकडा कुणाचा यावरून. थोरला रागावतो, धाकटा रुसतो, मधली दोघांना समजावते आणि शेवटी सगळे एकत्र बसून रडतात.

कमेंटमध्ये लोक लिहितात, "पुढचा भाग कधी?"

अशा सिरीजला म्हणतात फॅनमेड सिरीज. आता जळगाव-धुळ्याच्या पोरांच्या हातातही मोबाईल आहे, फुकटची एडिटिंग ॲप्स आहेत आणि डोक्यात भन्नाट आयडिया आहेत. त्यामुळे प्रश्न पडतो, दुसऱ्याचं पात्र घेऊन आपण आपली गोष्ट केली तर चालतं का? उद्या चॅनल उडालं तर? आणि दुसऱ्याच्या पात्रावर केलेल्या कामाला 'आपलं काम' म्हणायचं का?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. धुळ्यातून मुंबई-आग्रा महामार्गाला लागलं की तासाभरात जे गाव येतं, तिथं हे सगळं पंचवीस वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. पण आधी त्या रोबोट भावंडांचं बघू.

ॲनिमॅट्रॉनिक म्हणजे काय?

शब्द अवघड आहे, वस्तू आपल्या ओळखीची आहे. गणपतीत मंडळांचे हलते देखावे असतात ना? मान डोलवणारा हत्ती, तलवार उगारणारा मावळा, डोळे फिरवणारा राक्षस. आत मोटर, पट्टा, लोखंडी दांडे आणि बाहेरून कापड, फायबर किंवा थर्माकोल. असा यंत्रावर हलणारा, बोलल्यासारखा वाटणारा पुतळा म्हणजे ॲनिमॅट्रॉनिक.

८ ऑगस्ट २०१४ ला स्कॉट कॉथन या अमेरिकन डेव्हलपरने 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' नावाची गेम आणली. तुम्ही एका पिझ्झाच्या दुकानाचे रात्रपाळीचे वॉचमन. दिवसा पोरांसमोर गाणारे हे पुतळे रात्री बाराला चालायला लागतात. सकाळी सहापर्यंत जगायचं, असे पाच दिवस.

या गेमच्या जन्माचा किस्साही भारी आहे. कॉथनने आधी लहान मुलांसाठी एक गोड गेम बनवली होती. लोक म्हणाले, यातली पात्रं भुताळ्या यांत्रिक बाहुल्यांसारखी दिसतात. माणूस नाराज झाला, मग म्हणाला, ठीक आहे, आता खरंच भुताळ्या बाहुल्या करतो. पुढे गेमचे अनेक भाग आले, पुस्तकं आली आणि २०२३ ला हॉलिवूडचा सिनेमाही आला.

पण गेममध्ये गोष्ट सरळ सांगितलेली नाही. एक तुकडा इथं, एक इशारा तिथं. मधल्या जागा रिकाम्या. आणि जिथं रिकामी जागा असते तिथं फॅन घुसतात. मूळ गेममध्ये हे पुतळे एकाच दुकानातले. फॅन म्हणाले, एका छताखाली राहतात म्हणजे भावंडंच की! मग ब्लेंडर आणि सोर्स फिल्ममेकर अशा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर कॉमेडी-ड्रामा सिरीज सुरू झाल्या. कुणी घरात बसून आवाज दिला, कुणी ॲनिमेशन केलं, कुणी संगीत.

यावर कॉथनने काय केलं? नोटिसा पाठवल्या का? उलट ऑगस्ट २०२० मध्ये त्याने 'फॅझबेअर फॅनव्हर्स' नावाची योजना जाहीर केली आणि काही निवडक फॅनमेड गेम्सच्या निर्मितीला पाठबळ दिलं. म्हणजे ज्यांनी त्याचं पात्र उचललं, त्यांनाच त्याने सोबत घेतलं.

पण प्रत्येक मालक कॉथन नसतो.

आता येऊ मालेगावात

मालेगावचा जिल्हा नाशिक. पण गिरणा नदी मालेगावावरून पुढे जळगाव जिल्ह्यात जाते आणि तापीला मिळते, तालुक्यातल्या खेड्यांत अहिराणी कानावर पडते आणि बाजारहाट-सोयरीक धुळ्याकडेही चालते. गावाची ओळख यंत्रमागाची. आठवडाभर खडखडाट आणि शुक्रवारी सुट्टी. सुट्टीचा दिवस म्हणजे सिनेमाचा दिवस.

या गावात शेख नासिर नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवायचा. सिनेमे दाखवता दाखवता तो सिनेमा कसा कापतात, कसा जोडतात हे शिकला. फिल्म स्कूल नाही, गुरू नाही. सुमारे ५० हजार रुपयांत त्याने मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. साल २०००. डाकूंना घोडे परवडणार नव्हते, मग डाकू सायकलवर आले. कलाकार कोण? यंत्रमागावरचे कामगार आणि गावातले दुकानदार.

गाव हसलं. पण नुसता विनोद बघून नाही. पडद्यावर आपली गल्ली आणि आपला शेजारी दिसत होता. मुंबईच्या सिनेमात मालेगाव कधीच नव्हतं, ते नासिरच्या सिनेमात आलं.

पुढचं स्वप्न होतं 'मालेगाव का सुपरमॅन'. हिरो कोण, तर शफीक शेख. अंगाने काटकुळा, दिवसा यंत्रमागावर काम. सुपरमॅनला उडवायला हिरवं कापड, गाडीवर आडवा झोपवलेला हिरो आणि सीन बदलायला साधा कॉम्प्युटर. हा सुपरमॅन दम्याने बेजार होतो, गटाराच्या आणि घाणीच्या गावात घाण आवडणाऱ्या व्हिलनशी लढतो. शूटिंगच्या काळातच शफीकचं लग्न झालं. एका शूटला तर कॅमेराच पाण्यात पडला.

हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण तिथं आणखी एक कॅमेरा होता. फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने या शूटिंगवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी केली. २००८ ची ही डॉक्युमेंटरी जगभरच्या महोत्सवांत फिरली आणि २०१२ ला भारतात थिएटरमध्ये लागली.

शफीकला मात्र ते बघता आलं नाही. २०११ ला तोंडाच्या कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला.

पुढे रीमा कागती यांनी याच दोस्तांवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा सिनेमा केला. २०२४ ला टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरमध्ये आला. थोडक्यात काय, तर ज्या पोरांनी मुंबईच्या सिनेमाची नक्कल केली, त्यांच्यावर शेवटी मुंबईनेच सिनेमा केला.

आजही त्या भागातली पोरं थांबलेली नाहीत. यूट्यूबवर छोटू दादाचे व्हिडिओ बघितले असतीलच. टायटलमध्येच 'खान्देश हिंदी कॉमेडी' लिहिलेलं असतं आणि व्ह्यूज कोट्यवधींच्या घरात. व्हिडिओ पार्लर गेलं, मोबाईल आला, एवढाच फरक.

मग हे कायद्यात बसतं का?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम ५२ काही सवलती देतं. खासगी वापर, अभ्यास, टीका, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी यासाठी दुसऱ्याच्या कामाचा 'वाजवी वापर' करता येतो. पण या कलमात विडंबन हा शब्द नाही आणि फॅनमेड हा तर नाहीच. म्हणजे "मी फॅन आहे" हे कोर्टात उत्तर होत नाही.

मग कोर्ट बघतं काय? तीन केस लक्षात ठेवा.

पहिली, १९७८ ची, सुप्रीम कोर्टातली आर. जी. आनंद केस. एका नाटककाराचं म्हणणं होतं की आपल्या नाटकावरून 'न्यू दिल्ली' सिनेमा चोरला. कोर्ट म्हणालं, कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या पद्धतीवर असते. बाहुल्यात गुंडाचा जीव शिरतो ही कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या हॉलिवूड सिनेमात होती. १९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये तीच कल्पना आहे, पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू दिसायला, बोलायला, वागायला अस्सल मराठी. म्हणून आपण त्याला आपला म्हणतो.

दुसरी, १९९६ ची केरळ हायकोर्टातली. एका गाजलेल्या मल्याळम नाटकातली पात्रं आणि संवाद घेऊन सिव्हिक चंद्रन यांनी त्याला उत्तर देणारं उलटं नाटक लिहिलं. कोर्टाने ते थांबवलं नाही. कारण त्यांनी मूळ नाटक विकायला नाही, तर त्याच्यावर टीका करायला वापरलं होतं.

तिसरी थेट 'शोले'ची. २००७ ला 'राम गोपाल वर्मा की आग' आला. गोष्ट, पात्रं, प्रसंग सगळं शोलेवरून उचललेलं. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि २०१५ ला कोर्टाने मूळ सिनेमाचे हक्क डावलल्याबद्दल १० लाख रुपये भरायला लावले.

बघा, शोले एकच. एकाने सायकलवर डाकू आणले, दुसऱ्याने मोठे स्टार आणले. आता यावरून मालेगावला कायद्याने सूट होती असं समजू नका, कायदा दोघांनाही तोच. पण कोर्ट जे प्रश्न विचारतं ते सरळ आहेत. तुम्ही किती उचललं? कशासाठी उचललं? त्यात तुमचं स्वतःचं किती आहे? आणि तुमचं काम बघून लोक मूळ काम बघायचं सोडतील का?

कोर्टाच्या आधी यूट्यूब

खरं सांगायचं तर गावातल्या क्रिएटरला कोर्टाची नोटीस क्वचित येते. त्याच्या आधी यूट्यूबचा मेल येतो. इथं दोन शब्दांत गोंधळ होतो.

क्लेम म्हणजे यूट्यूबच्या यंत्रणेने तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याचं गाणं किंवा क्लिप ओळखली. व्हिडिओ बऱ्याचदा राहतो, पण जाहिरातीचा पैसा मालकाकडे जाऊ शकतो. चॅनलला धक्का लागत नाही.

स्ट्राइक म्हणजे मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होऊ शकतं. त्याच्यासोबत तुमचे सगळे व्हिडिओ जातात, स्वतःचे ओरिजिनल असले तरी. दोन वर्षांची मेहनत एका गाण्यापायी जाते ती अशी.

आणि "नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड" असं डिस्क्रिप्शनमध्ये लिहिल्याने काही होत नाही. चोराने दारावर "चोरी करायचा हेतू नाही" असं लिहिण्यासारखं आहे ते.

मग बनवायची असेल तर काय करायचं?

एक, मूळ मालकाचे नियम वाचा. फॅनमेड कामाला काही जण परवानगी देतात, काही फक्त पैसे न कमावण्याच्या अटीवर देतात, काही अजिबात देत नाहीत.

दोन, मूळ क्लिप, गाणी, आवाज वापरू नका. पात्र स्वतः काढा, संगीत स्वतः करा किंवा मोफत परवान्याचं घ्या. यूट्यूबची यंत्रणा सगळ्यात आधी तयार आवाज आणि दृश्यंच पकडते.

तीन, दुसऱ्या फॅनचं काम उचलत असाल तर त्यालाही विचारा. त्याचं मॉडेल, त्याचा आवाज यावर त्याचाही हक्क असतो.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पात्र दुसऱ्याचं असलं तरी घर आपलं ठेवा. ती चार रोबोट भावंडं पिझ्झावरून भांडतात, कारण त्यांचं दुकान अमेरिकेत आहे. आपल्याकडे ती वांग्याच्या भरितावरून भांडतील. थोरला अस्वल धुळ्यातून फोन करून विचारेल, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" वाटणीवरून वर्षभर न बोलणारे भाऊ श्रावणात कानबाईच्या रोटांना एकत्र येतात, तो सीन कुठल्याच अमेरिकन फॅनला सुचणार नाही. आणि इतकं आपलं घातल्यावर अस्वल, ससा बदलून तिथं स्वतःचीच पात्रं ठेवावीशी वाटली, तर ठेवा. मग परवानगी मागायलाही कुणाकडे जायला नको.

नासिरचंही तेच झालं. शोले आणि सुपरमॅननंतर त्याने टीव्हीसाठी 'मालेगाव का चिंटू' केला. तिथं उधारीचा सुपरहिरो लागला नाही, त्याचं स्वतःचं पात्र पुरलं.

मालेगावच्या शोलेत लोकांनी गब्बर बघितला नाही, गब्बर तर त्यांनी आधीच शंभर वेळा बघितला होता. त्यांनी सायकल बघितली. तुमच्या सिरीजमध्ये ती सायकल कुठली आहे, हे एकदा ठरवा आणि मग रेकॉर्डचं बटण दाबा.