भारी पाने आणि पणाची रक्कम (तीन पत्ती व पोकर)

पत्त्यांच्या पैशांच्या खेळात हाती आरंभीच भारी पाने आली असता किती रक्कम पणाला लावावी, याचे उत्तर खेळाच्या नियमांवर अवलंबून असते. (‘पण’ हा शब्द या लेखात ‘डावावर लावलेली रक्कम’ या अर्थी वापरला आहे, महाभारतातील द्यूतप्रसंगामुळे तो मराठी वाचकास परिचित आहे.) मुंबईच्या परळ-लालबाग भागातील चाळींना तीन पत्ती हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नो-लिमिट टेक्सास होल्डेम, म्हणजे अमर्याद पणाचा पोकर, जगभर आणि गोव्यातील कॅसिनोंत खेळला जातो. दोन्ही खेळांत पाने झाकलेली असतात आणि रक्कम वाढवून प्रतिस्पर्ध्याला डाव सोडायला लावता येतो. तरीही भारी पानांवर रक्कम लावण्याची रीत दोहोंत जवळजवळ उलट आहे. तीन पत्तीत वाटलेली पाने शेवटपर्यंत तीच राहतात, तर होल्डेममध्ये आणखी पाच पाने उघडायची असतात. सगळा फरक येथून सुरू होतो.

पार्श्वभूमी

परळ, लालबाग, शिवडी, काळाचौकी हा गिरणगावचा पट्टा होय. कोकणातून व घाटावरून आलेले गिरणी कामगार येथील चाळींत दाटीवाटीने राहत. पाळी सुटल्यावर पत्त्यांचा डाव ही सहज जमणारी करमणूक होती. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन यांसारखे डाव बिनपैशांचे असत. गणेशोत्सवाच्या जागरणात मात्र तीन पत्ती रंगे. हा खेळ इंग्लंडमधील ‘ब्रॅग’पासून आला असे मानले जाते. पाने न पाहता, म्हणजे ‘ब्लाइंड’, खेळणाऱ्यास निम्मी रक्कम लावण्याची सवलत दोन्ही खेळांत आहे.

१९६०च्या दशकापासून कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावांशी जोडला गेलेला मटकाही याच वस्तीत फोफावला. तीन आकडे काढून त्यांच्या बेरजेचा एकम स्थानचा अंक त्यात धरला जाई. दहांपैकी एका अंकावर पैसे लावणाऱ्यास साधारणतः एकास नऊ मिळत. मटक्यात कोणी एक रुपया लावो वा शंभर, त्याने निघणारा आकडाही बदलत नाही आणि कोणाला डावही सोडावा लागत नाही. तीन पत्ती व पोकर या दृष्टीने अगदी निराळे आहेत. येथे रक्कम स्वतःच एक चाल असते. ‘सगळे जुगार सारखेच’ असे सरसकट म्हणणाऱ्यांच्या हा भेद सहसा लक्षात येत नाही.

तीन पत्तीतील चाल

डावाआधी प्रत्येकजण ‘बूट’ म्हणजे ठरलेली रक्कम मध्ये टाकतो. पाने न पाहिलेला खेळाडू चालू रकमेइतकी किंवा तिच्या दुपटीपर्यंत चाल करतो. पाने पाहिलेल्याला, म्हणजे ‘सीन’ खेळाडूला, दुप्पट ते चौपट रक्कम लावावी लागते. दोन सीन खेळाडू समोरासमोर असतील, तर प्रत्येकाला आधीच्या चालीइतकी किंवा फार तर तिच्या दुप्पट चाल करता येते. म्हणून एका फटक्यात सगळ्यांना उठवणे या खेळात शक्य नाही.

५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांत ट्रेल (एकाच दर्जाची तीन पाने) ५२, एकाच रंगाची सिक्वेन्स ४८, साधी सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६ व जोडी ३,७४४ संचांत असते. उरलेल्या १६,४४० संचांत, म्हणजे सुमारे ७४ टक्के वेळा, हाती साधी सुटी पानेच येतात. (एकाच रंगाची सिक्वेन्स ट्रेलपेक्षा किंचित दुर्मीळ असूनही तिचा मान खालचा आहे, ही विसंगती खेळणाऱ्यांनी तशीच चालू ठेवली आहे.)

समजा, हाती तीन राण्या आल्या. त्यांना हरवू शकणारे संच तीन राजांचे व तीन एक्क्यांचे एवढेच. समोर एक खेळाडू असो वा पाच, हात कमकुवत होत नाही. नवे पान येणार नसल्याने घाई करण्याचे कारणही नाही. उलट पहिल्याच चालीत रक्कम चौपट केली, तर सुटी पाने असलेले सगळे पॅक करतील आणि हाती केवळ बूट लागेल. म्हणून मुरलेला खेळाडू पहिल्या फेऱ्या शक्य तेवढ्या ब्लाइंड खेळतो किंवा पाने पाहिल्यावरही किमान चाल करत राहतो, इतरांना आत ठेवतो आणि शेवटी दोघे उरल्यावर रक्कम वाढवतो.

ही वाढ किती वेगाने होते हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. बूट १० रुपये असेल आणि दोन सीन खेळाडू दर वेळी कमाल चाल करत गेले, तर चाली ४०, ८०, १६०, ३२०, ६४०, १,२८० अशा चढतात. तीन-तीन चालींत एकाचे ८४० व दुसऱ्याचे १,६८० रुपये गेलेले असतात. ‘दहा रुपयांचा डाव’ हे शब्द म्हणूनच फसवे आहेत. पुष्कळ ठिकाणी चालीची किंवा मधल्या एकूण रकमेची कमाल मर्यादा आधीच ठरवतात, ती याचसाठी.

पोकरमधील पण

होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात. नंतर तीन, एक व एक अशी पाच सामाईक पाने उघडली जातात आणि सातांतून उत्तम पाच पाने धरतात. दोघा खेळाडूंना पाने पाहण्याआधी सक्तीची रक्कम टाकावी लागते. तिलाही ‘ब्लाइंड’ म्हणतात, परंतु तीन पत्तीतील ब्लाइंडशी तिचा संबंध नाही. नो-लिमिट प्रकारात खेळाडू समोरची सगळी रक्कम केव्हाही लावू शकतो.

दोन पानांचे १,३२६ संच होतात व त्यांतले सहा एक्क्यांच्या जोडीचे. म्हणजे सर्वांत भारी आरंभ सरासरी २२१ डावांत एकदा येतो. सर्वजण अखेरपर्यंत थांबले असे धरल्यास ही जोडी कोणत्याही पानांच्या एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, दोघांविरुद्ध ७३, चौघांविरुद्ध ५६ आणि आठ जणांविरुद्ध जेमतेम ३५ टक्के. तीन पत्तीतल्या राण्यांना गर्दीची भीती नव्हती. येथे गर्दी हाच मुख्य धोका आहे. सगळ्यांना स्वस्तात आत ठेवण्याची चाळीतली सवय पोकरमध्ये महाग पडते, ती यामुळे.

रक्कम किती वाढवावी, हे समोरच्याला देऊ केलेल्या भावावरून ठरते. लहान ब्लाइंड ५० व मोठा १०० असताना कोणी पण २०० केला आणि बाकीचे उठले, तर मोठ्या ब्लाइंडला ३५० मिळवण्यासाठी केवळ १०० घालायचे असतात. जिंकण्याची शक्यता २२ टक्के असली तरी त्याचे भागते. त्यामुळे तो बहुतेक कोणतीही पाने घेऊन आत येईल. पण ३०० केल्यास त्याला ४५० साठी २०० घालावे लागतात व सुमारे ३१ टक्क्यांची गरज पडते. थेट १,००० केल्यास ही गरज ४४ टक्क्यांवर जाते. मग तो पाने टाकून देतो आणि एक्क्यांच्या पदरी १५० पडतात. यास्तव मोठ्या ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट आणि आधी केवळ बरोबरी करून आत आलेल्या प्रत्येकामागे आणखी एक ब्लाइंड, असा संकेत रूढ झाला. आधीच कोणी पण वाढवला असेल, तर त्याच्या सुमारे तिप्पट, आणि पुढील फेऱ्यांत त्याच्या आधी बोलावे लागणार असेल तर चौपटीच्या आसपास वाढ करतात.

या संकेतात एक मेख आहे. राजा-राणीच्या जोडीवर नेहमी ५०० व मध्यम पानांवर नेहमी २५० लावणाऱ्याने आपली पाने उघडी करून ठेवल्यासारखेच होते. म्हणून अनुभवी खेळाडू खेळायला घेतलेल्या सर्व पानांवर एकच रक्कम लावतात. ती बसण्याच्या जागेनुसार व आत आलेल्यांच्या संख्येनुसार बदलते, पानांनुसार नाही. तीन पत्तीत पाने पाहिली की नाहीत हे नियमानेच जाहीर होते, त्यामुळे तेथील लपवाछपवी निराळ्या वळणाची असते.

समोरची शिल्लकही मोजावी लागते. लहान जोडी घेऊन आत आलेल्याला पहिल्या तीन सामाईक पानांत तिसरे जुळणारे पान साधारण साडेआठ वेळांतून एकदा मिळते. दोघांसमोर दहा हजार असताना त्याला २०० मध्ये आत येऊ दिले, तर त्या एका वेळी तो सगळे वसूल करू शकतो. शिल्लक हजारभरच असेल, तर त्याला ही संधी परवडत नाही आणि एक्केवाल्याने सगळी रक्कम एकदम लावणेही योग्य ठरते.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्रात १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १३ नुसार केवळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला; त्याच निकालात तीन पत्तीची गणना मात्र निव्वळ नशिबाच्या खेळांत केली. पोकरविषयी एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळले आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. कॅसिनोंसाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये केलेला कायदा कधीच अमलात आला नाही व २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात कायद्यातील दुरुस्त्यांमुळे मांडवी नदीतील जहाजांवर असे खेळ परवान्याने चालतात; मात्र फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे खेळण्यास मनाई आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरवले आहेत.